नाईलच्या काठावर विचारायचे तीन प्रश्न

परदेशप्रवास ही एके काळी राजेरजवाडे, बॅरिस्टर होऊ पाहणारे विद्यार्थी आणि व्यापारी यांचीच मिरास होती. आता तसे राहिले नाही. आपल्या बिट्टन मार्केटच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांतूनही हिवाळ्याच्या सुट्टीत कोणी ना कोणी समुद्रापलीकडे जाऊन येते, आणि अशा प्रवासांत इजिप्त देशाचे नाव वारंवार ऐकू येते. लक्झर ते आस्वान या दोन नगरांच्या दरम्यान नाईल नदीतून तीन-चार दिवस आगबोटीने जावयाचे, वाटेत काठावर उतरून प्राचीन मंदिरे पाहावयाची, आणि शेवटी वाळवंटातील अबू सिंबेल येथील प्रचंड मूर्तींचे दर्शन घ्यावयाचे, असा या यात्रेचा सर्वसाधारण क्रम असतो. १८६९ साली टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने आपली पहिली मंडळी नाईलवर नेली, तेव्हापासून ही वाट जगभरच्या प्रवाशांच्या परिचयाची झालेली आहे.

परंतु विद्यार्थिमित्रहो, पाहणे आणि समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चार दिवसांत आठ-दहा मंदिरे पाहिली की सारे स्तंभ सारखेच भासू लागतात, राजांची नावे एकमेकांत मिसळून जातात, आणि परतल्यावर सांगण्यासारखे एवढेच उरते की, तेथे सर्व काही फार मोठे आहे. असे होऊ नये म्हणून प्रवाशाने प्रत्येक स्थळी तीन प्रश्न विचारावेत. या वास्तूचे नदीशी नाते काय? ती कोणी आणि कशी उभारली? आणि ती आजवर कोणी राखली, कोणत्या मोलाने? हे प्रश्न विचारण्याचा सराव करण्यासाठी इजिप्तला जाण्याची गरज नाही. आपल्या भोपाळपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी तो उत्तम रीतीने करता येतो. म्हणून या लेखात नाईलचा प्रवास करताना मधून मधून बेतवेच्या काठावरही येऊ.

प्रथम नदी पाहू. नाईल सुमारे ६,६५० किलोमीटर लांब आहे. तिचे दोन मुख्य प्रवाह, श्वेत नाईल व नील नाईल, हे सुदान देशातील खार्टूम येथे एकत्र येतात आणि तेथून ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाऊन भूमध्य समुद्राला मिळते. म्हणून नकाशात ‘वरचा’ दिसणारा उत्तर भाग हा ‘खालचा इजिप्त’, आणि दक्षिणेकडील भाग हा ‘वरचा इजिप्त’. प्रथम ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. पण बेतवाही आपल्या रायसेन जिल्ह्यात उगम पावून उत्तरेकडे यमुनेला भेटावयास जाते, हे आठवले म्हणजे त्यात नवल वाटत नाही.

नाईलवर निसर्गाने नावाड्यांसाठी एक अपूर्व सोय करून ठेवली आहे. प्रवाह उत्तरेकडे जातो, आणि वारा मात्र बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. उत्तरेस जावयाचे असेल तर शीड उतरवून प्रवाहाबरोबर जावे. दक्षिणेस जावयाचे असेल तर शीड उभारावे. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत ‘दक्षिणेस जाणे’ या अर्थाच्या शब्दापुढे शीड उभारलेल्या नावेचे चित्र येते, आणि ‘उत्तरेस जाणे’ याच्यापुढे बिनशिडाच्या नावेचे. नदी त्या लोकांच्या लेखनात अशी उतरली होती. आजही आस्वानजवळ ‘फलूका’ नावाच्या शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर चालतात.

दुसरी गोष्ट पुराची. इजिप्तमध्ये पाऊस नाममात्र पडतो. तरीही शतकानुशतके तेथे दर उन्हाळ्याच्या अखेरीस नदी दुथडी भरून शेतांत शिरत असे. याचे कारण दूर इथिओपियाच्या पठारावर होते. आपल्या माळव्यात ज्या महिन्यांत पाऊस कोसळतो, त्याच महिन्यांत त्या पठारावरही तो कोसळतो, आणि ते पाणी काळा सुपीक गाळ घेऊन इजिप्तमध्ये उतरत असे. प्राचीन लोकांनी वर्षाचे तीन ऋतू मानले होते: पुराचा, पेरणी व वाढीचा, आणि कापणीचा. पूर किती चढला हे मोजण्यासाठी नदीकाठी पायऱ्यांचे मापक बांधलेले असत. आस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर असे मापक आजही पाहावयास मिळते. पाणी कमी चढले तर दुष्काळ, फार चढले तर गावे वाहून जात. योग्य चढले तर पीक चांगले येई, आणि त्या अंदाजावर सरकारी साऱ्याची आकारणी होई.

याच नदीने मंदिरांच्या जागा ठरविल्या. सूर्य पूर्वेस उगवतो म्हणून लक्झर येथे कर्नाकसारखी देवळे व वस्ती पूर्व तीरावर. तो पश्चिमेस मावळतो म्हणून राजांच्या थडग्यांची दरी पश्चिम तीरावर. १९२२ साली हॉवर्ड कार्टर याला तूतनखामेन राजाचे थडगे सापडले ते याच पश्चिम दरीत. आगबोटीच्या कठड्याशी उभे राहून दोन्ही तीर एकाच वेळी पाहिले, की जन्म व मरण यांची ही वाटणी पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट होते.

आता दुसरा प्रश्न: हे कोणी आणि कसे उभारले? याचे उत्तर पूर्ण झालेल्या वास्तूपेक्षा अपुऱ्या राहिलेल्या वास्तूत लवकर सापडते. आस्वानच्या ग्रॅनाइटच्या खाणीत एक अपुरा स्तंभ आडवा पडलेला आहे. तो पुरा झाला असता तर सुमारे ४२ मीटर लांबीचा आणि हजार टनांहून अधिक वजनाचा एकच अखंड दगड झाला असता. काम चालू असताना त्याला तडा गेला आणि कारागिरांनी तो तेथेच सोडून दिला. त्याच्या भोवतीच्या चरांत कठीण दगडांच्या गोळ्यांनी ठेचून ठेचून खडक झिजविल्याच्या खुणा अजून दिसतात. कर्नाक येथे हत्शेपसूत राणीचा सुमारे ३० मीटर उंचीचा स्तंभ उभा आहे, तो याच आस्वानच्या खाणींतून नावेवर घालून सुमारे २०० किलोमीटर खाली आणला गेला. खाणीतील काम सात महिन्यांत उरकले, असे तिने स्तंभाच्या चौथऱ्यावर कोरून ठेवले आहे. कर्नाकच्याच पहिल्या महाद्वाराच्या मागे कच्च्या विटांच्या उतरंडीचा अवशेष शिल्लक आहे. भिंत जसजशी वाढे तसतशी ही उतरंड वाढवीत नेऊन तिच्यावरून दगड चढवीत असत. ते द्वार अपुरे राहिले म्हणूनच ती उतरंड काढून टाकण्याची वेळ आली नाही, आणि आपल्याला बांधकामाची रीत कळली.

येथे आपण क्षणभर भोजपूरला येऊ. भोपाळपासून २५-३० किलोमीटरांवर बेतवेच्या काठी अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावाने ओळखले जाणारे शिवमंदिर आहे. तेही अपुरेच राहिले. त्याच्या मागील बाजूस दगड वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतार अद्याप टिकून आहे. आजूबाजूच्या खडकांवर स्तंभ, शिखरे व छतांचे आराखडे शिल्पकारांनी कोरून ठेवलेले आहेत. आणि घडून तयार झालेले, पण जागी न बसलेले शिल्पखंड तेथेच पडलेले आहेत. सहलीला गेलेली मुले शिवलिंगाची उंची पाहून थक्क होतात, आणि तो मातीचा उतार मात्र टेकाड समजून तुडवितात. ज्याने भोजपूरचा हा उतार नीट पाहिला आहे, त्याला कर्नाकची उतरंड दाखविण्यास वाटाड्याची गरज पडणार नाही.

दगड चढविणारे हात कोणाचे होते, हेही विचारले पाहिजे. पिरॅमिडवरील एका लेखात कामकऱ्यांना दिलेल्या मुळा, कांदा व लसूण यांच्या खर्चाचा आकडा नोंदला आहे, असे आपल्याला दुभाष्याने वाचून दाखविल्याचे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दुभाष्याने लेख खरोखरच वाचला की थाप मारली, याविषयी विद्वानांना शंका आहे. परंतु बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात जे ढीग आपण रोज पाहतो, त्यांतील जिन्नस तेथील कष्टकऱ्यांच्याही आहारात असत, ही गोष्ट खोटी नाही. लक्झरच्या पश्चिम तीरावर देर अल्-मदीना नावाचे कारागिरांचे गाव उत्खननात उघडे झाले आहे. राजांची थडगी कोरणारे व रंगविणारे लोक तेथे राहत. त्यांचे वेतन धान्यात मिळे. तिसरा रामसेस याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी हे धान्य वेळेवर मिळेना, तेव्हा या कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते मंदिराशी जाऊन बसले. लेखी पुरावा असलेला जगातील हा पहिला संप, असे मानतात. एवढ्या वैभवशाली मूर्तींच्या पायथ्याशी उपाशी माणसेही होती, हे विसरून चालणार नाही.

सांचीला गेलात तर याच्या निराळे एक चित्र दिसेल. इजिप्तच्या भिंतींवर लंबगोल चौकटीत राजाचे नाव पुन्हा पुन्हा येते. सांचीच्या कठड्यांवर आणि फरसबंदीवर मात्र भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी, गृहिणी अशा शेकडो सामान्य दात्यांची नावे आहेत. दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले, असा लेख तेथेच आहे.

या दोन ठिकाणच्या लिप्या कशा वाचल्या गेल्या, तेही ऐकण्यासारखे आहे. १७९९ साली रोझेटा येथे तीन लिप्यांतील एक शिलालेख सापडला. त्यातील लंबगोल चौकटीत टॉलेमी राजाचे नाव असावे, हे ओळखून त्या आधारे पुढे जात १८२२ साली शांपोलियाँ या फ्रेंच विद्वानाने चित्रलिपीचे कोडे सोडविले. त्यानंतर १५ वर्षांनी, १८३७ साली, जेम्स प्रिन्सेप सांचीच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे पाहत असता त्याच्या लक्षात आले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच अक्षरे येतात. हे देणगीचे लेख असतील तर शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे, असे त्याने ताडले, आणि ब्राह्मी लिपी बोलू लागली. पुढे अशोकाच्या तेराव्या शिलाशासनात ‘तुरमाय’ असे एका दूरच्या राजाचे नाव वाचले गेले. हा तुरमाय म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी. आस्वानजवळच्या फिले येथील इसिस देवीच्या मुख्य मंदिराची उभारणी याच राजाच्या काळातील आहे. सांचीच्या मूळ स्तूपाचा कर्ता अशोक आणि फिलेच्या मंदिराचा कर्ता टॉलेमी हे समकालीन होते, आणि एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक होते. सांची पाहून फिलेला जाणारा प्रवासी म्हणूनच तेथे अगदी परका ठरत नाही.

आता तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न: हे सारे राखले कोणी, आणि कोणत्या मोलाने?

आज फिलेचे मंदिर ज्या बेटावर दिसते, ते त्याचे मूळ बेट नव्हे. अबू सिंबेलच्या मूर्तीही मूळ जागी नाहीत. १९६० साली आस्वानच्या उच्च धरणाचे काम सुरू झाले आणि १९७० साली ते पूर्ण झाले. हे धरण सुमारे ३.८ किलोमीटर लांब व १११ मीटर उंच असून त्याच्यामागे सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला आहे. इजिप्तला धरणाची खरोखरच गरज होती. पुराची आणि अवर्षणाची टांगती तलवार त्यामुळे दूर झाली, वीज मिळाली, शेतीला बारमाही पाणी मिळाले. १९८० नंतरच्या दशकात पूर्व आफ्रिकेत भीषण दुष्काळ पडला तेव्हा या साठ्याने त्या देशाला तारले. मात्र त्याच पाण्याखाली न्यूबिया हा प्राचीन प्रदेश जाणार होता.

म्हणून ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने सर्व राष्ट्रांना मदतीचे आवाहन केले. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची दोन मंदिरे करवतींनी कापून, त्यांचे मोठमोठे ठोकळे करून, सुमारे ६५ मीटर उंचावर आणि २०० मीटर मागे पुन्हा जशीच्या तशी उभारण्यात आली. वर्षातून दोन वेळा, फेब्रुवारीत व ऑक्टोबरात, सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात, तेही नव्या जागी साधले गेले. फिलेचे मंदिर सुमारे ४०,००० दगडांत सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेण्यात आले, आणि १९८० साली ते काम पुरे झाले. या साऱ्या उद्योगात आपल्या देशाचाही सहभाग होता. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची एक तुकडी ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली न्यूबियात गेली आणि पाणी चढण्यापूर्वी तिने अफ्येह व तुमास येथे उत्खनन करून अश्मयुगीन हत्यारे व प्राचीन दफनभूमी उजेडात आणली. पुढे १९७२ साली जागतिक वारसा जपण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला या मोहिमेनेच मोठी प्रेरणा दिली. सांची व भीमबेटका यांना आज जो मान आहे, तो याच करारानुसार आहे.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे. परंतु ती येथे संपत नाही. मंदिरे उंचावर गेली, पण न्यूबियातील माणसांचे काय झाले? इजिप्तच्या बाजूचे सुमारे ५०,००० न्यूबियन लोक १९६३-६४ मध्ये कोम ओंबोजवळच्या नव्या वसाहतींत हलविण्यात आले. जवळजवळ तितकेच लोक सुदानमधील वादी हाल्फातून शेकडो किलोमीटर दूर नेण्यात आले. नाईलच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या लोकांची खजुराची झाडे, घरे आणि पूर्वजांची थडगी पाण्याखाली गेली. त्यांच्या घरांचे दगड क्रमांक घालून कोणी पुन्हा रचले नाहीत.

हे फक्त तेथेच घडले असे समजण्याचे कारण नाही. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणापायी नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार होते. १९५४ ते १९६० या वर्षांत तेथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक अवशेष उंच टेकडीवर नेण्यात आले; ती टेकडी आता जलाशयातील बेट झाली आहे. पुणे जिल्ह्यात पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर उजनीच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले तर ते डोके वर काढते आणि लोक त्याचे दर्शन घेण्यास धावतात. आणि आपल्याच मध्य प्रदेशात, नर्मदेवरील इंदिरासागर धरणामुळे, २००४ साली हरसूद हे नांदते गाव रिकामे करावे लागले. माणसांनी स्वतःच्या घरांच्या चौकटी उपटून बरोबर नेल्या. धरणाच्या विजेचा आणि पाण्याचा लाभ आपण घेतो. म्हणून हरसूदचे नाव ठाऊक असणे हे आपले कर्तव्य आहे.

यावर कोणी म्हणेल, मग धरणे बांधूच नयेत काय? तसे म्हणणेही सोपेपणाचे होईल. भोजराजाने बेतवेच्या खोऱ्यात बंधारे घालून विशाल सरोवर निर्माण केले होते. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बंधारा फोडला आणि ते पाणी वाहून जाण्यास तीन वर्षे लागली, अशी परंपरागत कथा आहे. आज तेथे शेते आहेत. भोजाच्याच नावाने ओळखला जाणारा भोपाळचा मोठा तलाव मात्र टिकला, आणि अजूनही तो शहराच्या तहानेला पाणी पुरवितो. पाणी अडविल्यावाचून नगरे जगत नाहीत. मात्र पाणी अडविताना कोणाचे काय बुडते, त्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला गेला पाहिजे, आणि ज्याचे बुडते त्याला दगडाइतकी तरी काळजी मिळाली पाहिजे.

वास्तू एकदा वाचविली म्हणजे काम संपत नाही, हेही लक्षात ठेवावे. इजिप्तमध्ये पूर थांबला, शेतांना बारमाही पाणी मिळू लागले, आणि जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली. ते क्षारयुक्त पाणी दगडांत चढून कर्नाक व लक्झरच्या भिंती पोखरू लागले. शेवटी देवळांभोवती चर व पंप बसवून ते उपसावे लागले. सांचीचा स्तूपही आपोआप टिकला नाही. १९१२ पासून सर जॉन मार्शल यांनी त्याची पद्धतशीर डागडुजी केली, आणि भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी त्या कामास द्रव्यसाहाय्य केले. एका मुसलमान राणीने बौद्ध स्तूपासाठी खजिना उघडला, ही आपल्या गावाच्या इतिहासातील मोलाची गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावी.

सर्वांनाच इजिप्तला जाता येईल असे नाही, आणि त्यावाचून कोणाचे शिक्षण अडून राहील असेही नाही. ज्यांना जाण्याचा योग येईल त्यांनी निघण्यापूर्वी एक रविवार भोजपूरसाठी व एक सांचीसाठी काढावा. बरोबर एक लहान वही घ्यावी, आणि पाहिलेल्या प्रत्येक वास्तूखाली तीन ओळी लिहाव्यात: नदी कोठे आहे, हात कोणाचे होते, मोल कोणी दिले. नाईलच्या काठी हीच वही पुढे चालू ठेवावी. ज्यांना जाण्याचा योग येणार नाही, त्यांनी परतलेल्या आप्तांना छायाचित्रे दाखवून झाल्यावर हेच तीन प्रश्न विचारावेत. फिलेचे चित्र पुढे आले की ते मंदिर पूर्वी कोठे होते हे विचारावे, आणि अबू सिंबेलचे चित्र आले की तेथून उठलेली माणसे आता कोठे राहतात, तेही विचारावे.